संसाराचा जमाखर्च : जुनी रंगपेटी, नवे चित्र

ह्या सदरासाठी जी पत्रे येतात, त्यांत धान्याची साठवण, लोकरी कपड्यांची निगा, शाळेची पुस्तके आणि सणासुदीचा खर्च हे विषय बहुधा ठरलेले असतात. गेल्या महिन्यात जबलपूरहून आलेल्या एका पत्राने मात्र मला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही. पत्र एका भगिनीचे आहे. यजमान रेल्वेत नोकरीला, घरात वृद्ध सासूबाई, दोन मुले. थोरल्या मुलीला चित्रकलेची मनापासून ओढ असून तिला कलामहाविद्यालयात प्रवेशही मिळाला आहे. पत्रात त्या लिहितात : "ताई, फी कशीबशी भरली. मग सामानाची यादी हाती आली. ती घेऊन आम्ही दुकानात गेलो, भाव विचारले आणि रिकाम्या हातांनी परतलो. हे म्हणाले, एक वर्ष थांबू. मुलगी काहीच बोलली नाही. वापरलेले सामान घेतले तर चालेल का? आणि चालत असले, तर तिला वर्गात ते कमीपणाचे तर वाटणार नाही ना?"

'एक वर्ष थांबू' हे शब्द मी पूर्वी ऐकले आहेत. आमच्या घरी माझा थोरला भाऊ उत्तम चित्रे काढीत असे. मॅट्रिकनंतर त्यालाही अशीच एक यादी मिळाली होती. बाबांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "एक वर्ष थांब." दादा थांबला. त्या वर्षात त्याने वाणिज्य शाखेला नाव घातले आणि मग ते वर्ष कधी संपलेच नाही. बाबांना दोष देण्याचे मला कारण नाही. त्यांची मिळकत आम्हां सर्वांना ठाऊक होती. खंत वाटते ती एवढीच, की त्या यादीतले निम्मे सामान वापरलेले घेता येते, हे आमच्या ओळखीतल्या एकाही माणसाला त्या वेळी सुचले नाही. म्हणूनच ह्या पत्राचे उत्तर मी खाजगी न देता ह्या पानावर देत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कलेच्या सामानाचे दोन वर्ग पडतात : टिकणारे आणि संपणारे. फळा, ईझल, कंपासपेटी, टी-स्क्वेअर, गुण्ये, रंगाची तबके, कात्र्या, चौकटी हे सामान टिकणारे होय. त्याला वापराने फारसा धक्का लागत नाही. ते निःशंकपणे जुने घ्यावे. कागद, रंग, शाई आणि खोडरबर हे संपणारे सामान. ते जुने घेताना पारख हवी, आणि काही बाबतींत सरळ नकार हवा. कुंचले दोहोंच्या मध्ये पडतात. ही विभागणी करून यादीवर दोन रंगांच्या खुणा केल्या, तरी घाबरवणारी यादी एकदम निम्मी वाटू लागते.

आता एकेक वस्तू पाहू.

ड्रॉइंग बोर्ड घेताना तो डोळ्यांसमोर आडवा धरून त्याच्या कडेवरून नजर फिरवावी. लाकडाला पीळ पडला असेल तर तो तत्काळ दिसतो. पृष्ठभागावर टाचण्यांची भोके असली तरी चिंता नको, वर एक जाड कागद लावला की झाले. पण बारीक गोल छिद्रे असतील आणि फळा आपटताच पिठासारखी भुकटी पडत असेल, तर ती कीड समजावी. असा फळा घरी आणणे म्हणजे कपाटे आणि दारे ह्यांनाही तीच भेट देणे होय. ईझल विकत घेण्यापूर्वी पूर्ण उभे करून पाहावे. तीन पायांपैकी एकाचा मळसूत्री खिळा झिजलेला असला तर तो लोहाराकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात बदलून मिळतो, परंतु बिजागरीजवळचे लाकूडच चिरले असेल तर ते सोडून द्यावे.

कंपासपेटीतील कंपासाचे दोन्ही पाय पूर्ण मिटवून टोके जुळतात का पाहावे, नंतर पाय फाकवून हलकेच हलवावे. सांधा ढिला असेल आणि खिळा आवळूनही घट्ट होत नसेल, तर त्या कंपासाने काढलेले वर्तुळ सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळणार नाही. गुण्याची कड कागदावर ठेवून रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच रेघेशी लावावा. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर कड सरळ आहे. ह्या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

कुंचल्यांची पारख पाण्याने होते. विक्रेत्याकडे जाताना पाण्याची लहान बाटली आणि एक फडके बरोबर न्यावे. कुंचला पाण्यात बुडवून एक झटका द्यावा. गोल कुंचल्याच्या केसांचे आपोआप एकच अणकुचीदार टोक झाले तर तो जिवंत आहे. दोन-तीन टोके फुटली तर तो बारीक कामासाठी संपला. तरी त्याला टाकाऊ म्हणू नये. झाडांची पाने, गवत, भिंतीचा खडबडीतपणा अशा कामाला तो उपयोगी पडतो. मात्र किंमत त्या मानाने द्यावी. केसांना धरून ठेवणारी धातूची नळी बोटांनी फिरवून पाहावी. ती हलत असेल तर दांडा पाण्याने कुजलेला असतो. नळीच्या तोंडाशी केस दगडासारखे कडक लागले तर आत रंग वाळून बसला आहे. तो जलरंग असेल तर कोमट पाणी आणि साबण ह्यांनी निघेल; ॲक्रिलिक असेल तर बहुधा निघणार नाही. नैसर्गिक केसांना कसर लागते, म्हणून केस मध्येच कुरतडल्यासारखे दिसतात का तेही पाहावे.

कुंचल्यांच्या बाबतीत एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. जुन्या सामानात कधीकधी मुंगसाच्या केसांचे कुंचले आढळतात. टोकाला गडद, मध्ये फिकट पिवळसर आणि मुळाशी तपकिरी असे त्यांचे केस पट्ट्यापट्ट्यांचे असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली मुंगूस हा आज संरक्षित प्राणी असून त्याच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. विक्रेता "एकदम जुना माल, आता मिळत नाही" असे कौतुकाने सांगेल. तो का मिळत नाही हे आपण जाणून असावे आणि हात आखडता घ्यावा. कृत्रिम धाग्यांचे चांगले कुंचले आता सर्वत्र मिळतात आणि विद्यार्थ्याचे काम त्यांनी उत्तम भागते.

रंगांकडे वळू. कोणता रंग जुना चालतो हे त्याच्या घटकांवर अवलंबून असते, आणि हे एकदा समजले की फसगत होत नाही.

जलरंगात रंगद्रव्य आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक असतो. डिंक वाळला तरी पाण्याने पुन्हा मोकळा होतो. म्हणून जलरंगाच्या वड्या कितीही वर्षांच्या असल्या तरी ओल्या कुंचल्याने चोळताच रंग सोडू लागतात. नळीतला जलरंग दगड झाला असेल तर नळी ब्लेडने उभी चिरावी, आतली कांडी काढून बाटलीच्या झाकणात बसवावी. तीच तुमची वडी. फक्त पांढरी बुरशी किंवा कुबट वास असलेला रंग घेऊ नये. पोस्टर कलरही पाण्यातलेच. परंतु उघडलेल्या बाटल्यांत ते लवकर नासतात, आणि वाळलेले रंग पुन्हा कालवले तर गुठळ्या राहतात व चित्रावर भेगा पडतात. ते मुळात स्वस्त असल्याने नवेच घ्यावेत.

ॲक्रिलिकचा स्वभाव नेमका उलट. पाणी उडून गेले की त्यातले प्लॅस्टिकचे कण एकमेकांत मिसळून जातात आणि मग ते कोणत्याही पाण्याला दाद देत नाहीत. ह्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. एका आठवडी बाजारात दोनशे रुपयांना दहा नळ्यांचा डबा मिळाला म्हणून मी मोठ्या आनंदाने घरी आणला. दहापैकी आठ नळ्या आतून लाकूड झालेल्या निघाल्या. झाकणाजवळ दाबून पाहिल्या होत्या. शेपटाकडे दाबून पाहायला हवे होते. विक्रेत्याला तरी काय बोलणार! न पाहता घेणारी मीच.

तैलरंग जवसाच्या तेलात घोटलेले असतात. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. म्हणून झाकण घट्ट असलेली आणि कोठेही न फुटलेली नळी अनेक वर्षांनीही आत मऊ राहते. झाकण चिकटले असेल तर नळीचे तोंड दोन मिनिटे गरम पाण्यात धरावे. काडी पेटवून झाकण तापवण्याची सवय काही जणांना असते. ती धोक्याची आहे. मात्र जुना टर्पेंटाइन फुकट मिळाला तरी नको. हवा लागून तो चिकट होतो, चित्र खराब करतो आणि हातांच्या त्वचेलाही त्रास देतो.

आता जे लिहीत आहे ते लहान मुले असलेल्या घरांनी दोनदा वाचावे. जुन्या तैलरंगांत विषारी द्रव्ये असू शकतात. फ्लेक व्हाइट हा शिशाचा पांढरा. क्रोम यलो आणि अस्सल नेपल्स यलो ह्यांतही शिसे असते. अस्सल व्हर्मिलियन हा पाऱ्याचा हिंगूळ. आणि एके काळी एमराल्ड ग्रीन नावाने जो हिरवा विकला जाई, त्यात तर सोमल होता. तीच नावे आज निर्धोक रंगांनाही दिलेली असतात, त्यामुळे नावावरून निश्चय होत नाही. नियम सोपा ठेवावा : कोणाच्या आजोबांच्या पेटीतले, लेबल पुसलेले रंग मुलांच्या हाती देऊ नयेत. जुने रंगवलेले कॅनव्हास पुन्हा वापरण्यासाठी वाळलेला रंग पॉलिश कागदाने घासण्याचा मोहही घरात टाळावा. ती धूळ श्वासातून आत जाते. आणि जुन्या तैलचित्रावर पुन्हा रंगवायचे झाल्यास तैलरंगच वापरावेत. तेलावर ॲक्रिलिक धरत नाही. पुढेमागे त्याची पापुद्र्यांनी सालपटे निघतात.

खडूसारखे सुके पेस्टल आणि कोळसा ह्यांना वय नसते. एकमेकांचे रंग लागून पेस्टल मळकट झाले असतील तर एका डब्यात मूठभर तांदूळ किंवा रवा घेऊन त्यात ते अलगद हलवावेत. मळ दाण्यांना लागतो आणि खडू स्वच्छ निघतात. ते तांदूळ नंतर स्वयंपाकात जाणार नाहीत ह्याची काळजी घ्यावी! पेन्सिली मात्र पडलेल्या असतील तर आतले शिसे तुकड्यातुकड्यांनी मोडलेले असते. गठ्ठ्यातली एक पेन्सिल तेथेच ब्लेडने तासून पाहावी. जलरोधक काळी शाई वाळली की पुन्हा विरघळत नाही, म्हणून ती नवीच घ्यावी.

कागदाची परीक्षा थेंबाने होते. चांगल्या जलरंगी कागदाला सरसासारखी खळ दिलेली असते. दमट हवेत बरीच वर्षे पडून राहिला की ती खळ मरते आणि कागद टीपकागदासारखा पाणी पितो. कोपऱ्यावर एक थेंब टाकावा; तो क्षणभर मोत्यासारखा उभा राहिला तर कागद घ्यावा, लगेच पसरला तर सरावाला ठेवावा. पिवळे डाग आणि कडांचा ठिसूळपणा असलेला कागद परीक्षेच्या कामाला वापरू नये.

हे सारे मिळते कोठे? अहमदाबादेत साबरमतीकाठी रविवारची गुजरी भरते, हैदराबादेत जुम्मेरात बाजार, मुंबईत चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. चेन्नईचे मूर मार्केट १९८५ च्या आगीत गेले. परंतु जुन्या वस्तूंचा बाजार नाही असे मोठे शहर आपल्या देशात क्वचितच सापडेल. तरीही माझा अनुभव असा, की बाजाराहून कलामहाविद्यालयाचे फाटक अधिक खात्रीचे. चेन्नई (१८५०), मुंबईची जे. जे. कलाशाळा (१८५७), शांतिनिकेतनचे कलाभवन (१९१९) ह्यांच्यापासून गावोगावच्या लहान कलाशाळांपर्यंत सर्वत्र एप्रिल-मे महिन्यांत शेवटच्या वर्षाची मुले वसतिगृहे सोडतात. ईझल आणि फळे आगगाडीने घरी नेण्यापेक्षा ते कोणा होतकरू विद्यार्थ्याला देणे त्यांना सोयीचे असते. कार्यालयातल्या शिपायाला किंवा ग्रंथपालांना विचारावे, सूचनाफलकावर एक चिठ्ठी लावू द्यावी अशी विनंती करावी. अभियांत्रिकीची मुलेही पहिल्या वर्षानंतर ड्राफ्टर आणि कंपासपेट्या पुढच्यांना देतात. निवृत्त चित्रकला-शिक्षक आणि पाट्या रंगवणारे कारागीर ह्यांच्याकडे सामानाबरोबर सल्लाही मिळतो, आणि तो बहुधा सामानाहून मोलाचा असतो. हल्ली मोबाइलवरूनही अशी खरेदी होते. तेथे भिजवलेल्या कुंचल्याचे आणि उघडलेल्या पेटीचे छायाचित्र आधी मागावे, वस्तू हाती येईपर्यंत पैसे पाठवू नयेत.

भाव ठरवताना नव्याची किंमत कागदावर लिहून न्यावी. टिकणाऱ्या सामानाला निम्म्याहून अधिक देऊ नये, आणि रंगांना एक-तृतीयांशाहून अधिक नाही. पेटी सुंदर आहे म्हणून आतले निरुपयोगी सामान घेणे, हा आपल्यापैकी बहुतेकांचा मोह असतो. वाचलेल्या पैशांतून तीन वस्तू मात्र नव्या आणि चांगल्या घ्याव्यात : कागद, एक उत्तम गोल कुंचला आणि पांढरा रंग. पहिल्या वर्षाला चोवीस रंग लागत नाहीत. एक लाल, एक पिवळा, एक निळा, एक तपकिरी आणि पांढरा एवढ्यांत मिश्रण शिकता येते, आणि मिश्रण शिकणे हाच तर पहिल्या वर्षाचा अभ्यास.

राहिला त्या भगिनीचा दुसरा प्रश्न, कमीपणाचा. खरे सांगायचे तर तोच अधिक अवघड आहे. आमच्या कचेरीत शेजारच्या मेजावर बंगाली मजकूर पाहणारे एक सहकारी बसतात. त्यांना हे पत्र वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "यामिनी रॉय ह्यांनी विलायती रंगच सोडून दिले होते." ते खरेच आहे. दगडांची भुकटी, चिंचोक्यांची खळ, नीळ, काजळी, गाळाची माती ह्यांतून त्यांनी आपले रंग घडवले, आणि कापड, चटई, लाकूड ह्यांवर चित्रे काढली. व्हॅन गॉग हा कॅनव्हासच्या दोन्ही बाजू वापरीत असे. त्याने रंगवलेल्या एका शेतकरणीच्या चित्राच्या पाठीमागे दडलेले त्याचे स्वतःचे चित्र एडिनबरो येथे २०२२ साली क्ष-किरणांनी उजेडात आले. आणि आपल्या कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर ह्या बंधूंनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे एक यंत्र विकत घेऊन त्यावर त्या कलेचा अभ्यास केला. १९१६ साली आनंदराव गेले. तरी १९१८ साली बाबूरावांनी आपले शिष्य दामले ह्यांच्यासह स्वतः कॅमेरा तयार केलाच.

पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या गोष्टी सांगून समाधान होते असे नाही, हेही मी जाणते. तिला यादीबरोबर बाजारात न्यावे. पाण्याची बाटली तिच्या हाती द्यावी, थेंब तिने टाकावा, कुंचला तिने झटकावा, घासाघीस तिने करावी. दुसऱ्याने आणून दिलेले जुने सामान हे जुनेच राहते. स्वतः पारखून घेतलेले सामान आपले होते.

गेल्या वर्षी दादाच्या मुलीसाठी आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. फळा तीनशे, कंपासपेटी दीडशे, पेस्टलचा डबा ऐंशी आणि आठ कुंचले एकशे साठ, असे सहाशे नव्वद रुपये झाले. कुंचले दादानेच पारखले. गेली वीस वर्षे ज्याने हातात कुंचला धरला नव्हता, तो माणूस फुटपाथवर उकिडवा बसून एकेक कुंचला भिजवीत होता, झटका देत होता, उन्हाकडे धरून टोक पाहत होता. आठांपैकी तीन त्याने वेगळे काढले आणि म्हणाला, "हे बारीक कामाला. बाकीचे झाडांना." फळ्याच्या पाठीमागे कोणाचे तरी नाव आणि १९९४ हे साल कोरलेले होते. मुलीने विचारले, "आत्या, हे घासून टाकू का?" मी काही बोलण्यापूर्वीच दादा म्हणाला, "राहू दे. त्याच्या खाली तुझे लिही."

जबलपूरच्या भगिनींना माझे उत्तर एवढेच : वर्षभर थांबू नका. ह्या रविवारी यादीवर दोन रंगांच्या खुणा करा आणि मुलीला घेऊन बाहेर पडा.